तिसाचा पाढा होईपर्यंत

लाईट गेली की आमच्या गावात कुणी बटण बंद करत नसे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची सगळी भांडणं त्यातूनच निघाली. घरातला बल्ब तसाच चालू ठेवायचा, रेडिओचा कान पिळलेलाच ठेवायचा. का, तर लाईट आलेली कळावी म्हणून. शेतातल्या मोटारीचं तर त्याच्याही पुढचं. लाईट जाताच स्टार्टरचा दांडा खाली पडतो. तो पडू नये म्हणून त्याला सुतळीनं आवळून ठेवायचे. मग मालक लिंबाखाली आडवा झालेला असो की धाराशिवला कोर्टात तारखेला गेलेला असो, लाईट आली की मोटार आपली आपण चालू. खांबावरच्या ज्या ट्रान्सफॉर्मरला गाव डीपी म्हणायचं, तो शाळेला आणि शिवारातल्या तीस-चाळीस मोटारींना मिळून एकच होता.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. बेंबळीच्या बाजूला, डांबरी रस्त्यापासून थोडं आत आमचं गाव. पाऊस दोन वर्षं रुसलेला, ज्यांनी कारखान्याच्या भरवशावर ऊस लावला होता त्यांची तोंडं उसाआधी वाळलेली. अशा दिवसांत एका सरकारी योजनेतून आमच्या हायस्कूलला दोन कॉम्प्युटर आले. जिल्ह्यात मोजक्याच शाळांना मिळाले होते. आमची शाळा त्या यादीत कशी गेली हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आमचे मुख्याध्यापक, हेडसर, म्हणायचे की टायपिस्टच्या हातून ओळ चुकली असणार.

मी तिथं विज्ञान शिकवत होते. नोकरीला दोन वर्षं झालेली. कॉम्प्युटरचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग मलाच मिळालं, कारण ते उन्हाळ्याच्या सुट्टीत होतं आणि कुठल्याच गुरुजीला लगीनसराई सोडून जायचं नव्हतं. मला लग्नांची आमंत्रणं कमी यायची. मी गेले, शिकले, परत आले, आणि आल्यावर पाहिलं तर दोन्ही यंत्रांच्या पडद्यांवर हळदीकुंकू लावलेलं, पुढं नारळ फोडलेला आणि खोलीला कुलूप. दारावर हेडसरांच्या वळणदार अक्षरात पाटी लटकत होती. ‘यंत्रास हात लावू नये. हुकुमावरून.’

ती पाटी वाचली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. यंत्रांबद्दल नव्हे, त्या चार शब्दांबद्दल. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांची होते आणि आईबरोबर खडी फोडायला जायची. कामावर रांजण होता. बाकीच्या बाया तांब्या बुडवून पाणी घ्यायच्या. आम्ही गेलो की पाणी पाजणारी बाई म्हणायची, हात लावू नको गं, आणि तांब्या उंच धरून आमच्या ओंजळीत धार सोडायची. आमच्या घरानं देव कधीच सोडले होते, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध होते, वडील सभेला पांढरा सदरा घालून जायचे. पण रांजण होता तिथंच होता. अर्धं पाणी कोपरावरून खाली जायचं. त्या दिवसांत पाणी सांडताना बघणं काय असतं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. तेव्हा ते चार शब्द मला कुणी सुवाच्य अक्षरात लिहून दाखवायची गरज नव्हती.

मी पाटी काढली. हेडसर म्हणाले, “बाई, अहो ती यंत्रं डेडस्टॉकच्या रजिस्टरला चढवलीत. उद्या काही झालं तर?”

“काही झालं तर बघू. आज काहीच होत नाही, त्याचं काय?”

माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट जपली होती, की आपल्या नावावर कुठला ठपका येऊ नये. शाळेचा नकाशा ते गुंडाळूनच ठेवायचे, फाटेल म्हणून. सूक्ष्मदर्शकाची पेटी मी येईपर्यंत उघडलेली नव्हती. त्यांच्या हिशेबात वस्तू सांभाळणं म्हणजे ती पोरांपासून सांभाळणं. यावर आमचं कधी जमलं नाही आणि मी जमवूनही घेतलं नाही.

मी तास सुरू केले. पाचवी ते दहावी, आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्ग, एका यंत्राला सहा-सात जण. पोरं आपलं नाव टाइप करायची आणि ते पडद्यावर उमटलं की मागं वळून माझ्याकडं बघायची. महिनाभर बरं चाललं. मग ॲम्प्लिफायर जळाला.

झालं असं, की सकाळी प्रार्थनेच्या वेळी लाईट गेली. हेडसरांनी स्वतःच सांगितलं, ॲम्प्लिफायरचं बटण राहू द्या चालू, लाईट आलेली कळेल. दुपारी लाईट आली ती अशी, की ऑफिसातला बल्ब क्षणभर पांढराफटक पेटला आणि फुटला, आणि ॲम्प्लिफायरमधून आधी वास आला, मग धूर. कॉम्प्युटरच्या खोलीत तेव्हा तास नव्हता, यंत्रं बंद होती, म्हणून वाचली. निव्वळ नशीब.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी मला कागद दिला. वीजपुरवठा अनियमित असल्याने सदर दोन्ही यंत्रे जळण्याचा धोका आहे, तरी ती जिल्ह्याच्या ठिकाणच्या शाळेत वर्ग करावीत. खाली माझ्या सहीसाठी जागा.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

“बाई, हट्ट करू नका. धाराशिवला लाईट बरी असते. यंत्रं तिथं सुरक्षित राहतील.”

“सर, ॲम्प्लिफायर लाईटनं जाळला की बटणानं?”

त्यांनी कागद परत ओढून घेतला. मग म्हणाले, “तुमच्या सहीवाचून पाठवतो.” आणि पाठवलंही. माझ्याकडून मात्र त्यांनी लिहून घेतलं, की यंत्रांना काही झाल्यास जबाबदारी माझी. मी ते आनंदानं लिहून दिलं. आनंदानं म्हणजे रागानं. पण अक्षर चांगलं काढलं.

आता लोक म्हणतील, एवढं काय होतं त्या दोन पेट्यांत. माझ्यासाठी एवढंच होतं. त्या गेल्या असत्या तर आमच्या पोरांनी कॉम्प्युटर पुन्हा कधी पाहिला असता, हे मला सांगता येत नव्हतं. धाराशिवच्या पोरांना तो आज ना उद्या दिसणारच होता. आमच्या पोरींतल्या निम्म्या तर धाराशिवच पहिल्यांदा बघणार होत्या त्या लग्नाच्या बस्त्याला.

मी वायरमनला गाठलं. खांबावरून उतरत होता, कमरेला पट्टा, हाताला काळं. त्याला विचारलं, “लाईट जाते तेव्हा यंत्राला काय होतं?”

तो हसला. “बाई, जाती तवा काय करत न्हाय ओ. येती तवा जाळती.”

मग त्यानं पाण्याच्या टाकीला टेकून मला जे सांगितलं ते ट्रेनिंगच्या तीन आठवड्यांत कुणी सांगितलं नव्हतं. लाईट आली की सुतळीनं बांधलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. व्होल्टेज रसातळाला जातं. मग निम्म्यांचे फ्यूज उडतात, त्या बंद पडतात, आणि व्होल्टेज एकदम वर उसळतं. असं दोन-चारदा खाली-वर होतं. “धा मिन्टं दम धरा,” तो म्हणाला. “धा मिन्टांत ज्याची जळायची त्याची जळती, ज्याची चालायची त्याची चालती. मग लाईट गाईवानी. आन बटनावर भरवसा ठिवू नका. पिनच काढा.”

मी आधी सोसायटीत गेले. सहकारी सोसायटीच्या ओट्यावर मोटारीवाली मंडळी रोज बसायची. मी म्हणाले, शाळेच्या वेळात तेवढ्या सुतळ्या सोडा. एकानं तंबाखू मळता मळता विचारलं, “आन लाईट आल्याव मोटार चालू कराया शाळंतली पोरं धाडता का, बाई?” सगळे हसले. एक म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, “पोरी, हिरीत ढोपरभर पाणी हाय. लाईट कवा यील, कवा जाईल, कुणाला ठावं? त्यवढं पाणी न्हाय उपसलं तर ऊस आज जातोय का उद्या, एवढंच बघायचं ऱ्हातंय.” त्याच्यावर मला रागावता आलं नाही. त्याचंही खरं होतं. पण त्याचं खरं आहे म्हणून मी यंत्रं बांधून द्यावीत, हे मला पटत नव्हतं. सुतळी सुटणार नसेल तर माझी पिन सुटेल, असं म्हणून मी परत आले.

मग आम्ही नियम केला. हेडसरांच्या त्याच पाटीच्या मागच्या बाजूला मी खडूनं लिहिला आणि ती खोलीत टांगली. लाईट जाताच बटण बंद. मग भिंतीतून पिन बाहेर. मग यंत्रावर मांजरपाटाची खोळ, कारण त्या वर्षी धूळ दाराच्या फटीतून नाही, भिंतीतून येते की काय असं वाटायचं. खोळी शिवणाच्या तासाला पोरींनी शिवल्या. खोलीत चालू राहायचा फक्त एक बल्ब, लाईट आलेली कळायला. गावाची सवय मी तेवढ्या एका बल्बापुरती मान्य केली. बल्ब पेटला की दहा मिनिटं थांबायचं. पण दहा मिनिटं मोजायची कशी? वर्गात घड्याळ नव्हतं, माझं मनगटी घड्याळ चावी विसरली की बंद पडायचं. सातवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, पाढं म्हणू की.” करून बघितलं. अकरा ते तीस, अख्ख्या वर्गानं एका सुरात, गडबड न करता म्हटले तर दहा मिनिटांना दोन-चार ओळी इकडं-तिकडं. ठरलं. तिसाचा पाढा झाल्याशिवाय पिन लावायची नाही. पाढे चालू असताना बल्ब लाल झाला किंवा पांढरा झाला, तर पुन्हा अकरापासून.

ही मुलगी एका सालगड्याची. वडील दुसऱ्याच्या शेतात वर्षाच्या बोलीवर. लाईट, मोटार, सुतळी हे सगळं तिला माझ्याहून जास्त कळायचं, कारण बापाच्या मालकाची मोटार चालू करायला तीच जायची. बल्बावर लक्ष ठेवायचं काम तिनं कुणी न सांगता स्वतःकडं घेतलं.

पोरांचं नुकसान व्हायचंच. तास संपत आलेला, तीस-चाळीस ओळी टाइप केलेल्या, आणि लाईट गेली की सगळं पुसलेलं. ट्रेनिंगमध्ये असं झालं की लोक कपाळाला हात लावायचे. आमची पोरं पिन काढायची आणि वहीत लिहून काढलेलं पुन्हा पहिल्या ओळीपासून टाइप करायची. दुष्काळात पेरणी दोनदा-तीनदा करणाऱ्या घरची ती पोरं. पुन्हा करायचं म्हटल्यावर त्यांना काही विशेष वाटायचं नाही. गणिताचे गुरुजी तेवढे माझ्यावर खूश होते. एकोणतिसाचा पाढा पाठ असलेली अख्खी शाळा त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

तक्रारी आल्या त्या घरांतून. एक आजोबा शाळेत आले. त्यांच्या नातीनं लाईट गेल्यावर रेडिओची पिन काढून ठेवली आणि लाईट आल्यावर पाढे संपेपर्यंत लावू दिली नाही, त्यात त्यांचे बाजारभाव गेले. “पोरगी आयकत न्हाय. बाईनं सांगितलंय म्हनती,” ते म्हणाले. मी म्हणाले, बरोबर सांगितलंय. दुसऱ्या एका घरात पोरीनं चुलत्याच्या स्टार्टरची सुतळी सोडली आणि मार खाल्ला. ते मला आवडलं नाही. मी वर्गात बजावलं, घरच्या मोटारींना हात लावायचा नाही. सांगताना माझ्या तोंडून तेच शब्द गेले आणि मला स्वतःचाच राग आला. पण मार खाणारी मी नव्हते, त्या होत्या.

असं दीड वर्ष गेलं. आणि एके दिवशी हेडसरांच्या त्या पत्राला पाय फुटले. धाराशिवहून अधिकारी आले. जीपमध्ये मागं दोन रिकामी खोकी, आत भुसा भरलेला. ती खोकी मी व्हरांड्यातून पाहिली आणि मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

आठवीचा तास चालू होता. साहेब आत आले, हेडसर मागोमाग. पोरं उभी राहिली. साहेबांनी खुर्ची घेतली आणि म्हणाले, “दाखवा काय करता ते.” एका मुलानं चार ओळी टाइप केल्या, आणि पाचवीला लाईट गेली. गावाची लाईट. तिला साहेब-बिहेब काही कळत नाही.

कुणी मला विचारलं नाही. बटणं बंद झाली, पिना बाहेर आल्या, खोळी चढल्या. मग पोरं हाताची घडी घालून बसली. साहेबांनी भुवया उंचावल्या. चहा आला. अर्ध्या तासानं बल्ब पेटला.

“आली लाईट,” हेडसर म्हणाले. “लावा बाई. साहेबांना पुढं जायचंय.”

वर्गानं सुरू केलं होतं. अकरा एके अकरा.

“बाई, मी काय म्हणतोय?”

“पाढे होऊ द्या सर.”

हेडसरांचा चेहरा पडला. साहेबांच्या देखत असं कुणी त्यांना कधी बोललं नसणार. ते उठले, स्वतःच भिंतीकडं गेले आणि पिन हातात घेतली. बल्बावर लक्ष ठेवणारी मुलगी उठली आणि सॉकेटवर पालथा पंजा ठेवून उभी राहिली. “सर, आजून सतराचा चाललाय,” ती म्हणाली.

वर्ग थांबला. मी वर्गाला म्हणाले, “थांबू नका.” मग हेडसरांकडं वळले, आणि इतक्या वर्षांची शाळा-कॉलेजातली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक, आईच्याच आवाजात बोलले. “न्हाय लावायची, सर. म्या लिहून दिलंय, जबाबदारी माझी हाय. जबाबदारी माझी तर पिन बी माझी.”

पाढे चालू राहिले. मला कबूल केलं पाहिजे, बल्ब त्या दिवशी एकदाही हलला नाही. ना लाल झाला, ना पांढरा. सगळे फ्यूज जागच्या जागी राहिले असणार. तिसाचा पाढा संपला तेव्हा खोलीत आम्ही शहाणे ठरावं असं काहीच घडलेलं नव्हतं. तिनं सॉकेटवरून हात काढला, पिन लावली, पडदा उजळला. त्या मुलानं चार ओळी पुन्हा टाइप केल्या आणि पाचवीही केली.

साहेब घड्याळ बघत उठले. “आधीच लावली असती तर काय झालं असतं?” त्यांनी मला विचारलं.

“आज काहीच नाही, साहेब,” मी म्हणाले. “पण ते आता कळलं.”

ते यंत्राजवळ गेले. आता उचला म्हणणार, असं मला वाटलं. पण ते वाकून नुसते बटणं बघत राहिले. मग बोटानं एकेक चाचपलं. कितीतरी बटणांवरची अक्षरं पुसट झाली होती, काही तर साफ गेली होती. लांब पट्टी घासून गुळगुळीत. एक बटण मोडलं होतं, तिथं कुणीतरी खोडरबर कापून डिंकानं बसवलं होतं. दुसऱ्या यंत्राचंही तेच.

“हे काय आहे?” साहेबांचा आवाज चढला. “इतर शाळांतली यंत्रं मी पाहिली. अजून प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. नवी कोरी आहेत. आणि तुम्ही दीड वर्षात ही दशा केलीत? अशी वापरलेली यंत्रं मी कुणाच्या ताब्यात द्यायची? तिथले मुख्याध्यापक सही करतील का यावर? कुणाची बोटं लागलीत ही?”

हेडसर माझ्याकडं बघत होते. मला वाटतं, दीड वर्षात पहिल्यांदा त्यांना माझी कीव आली असावी.

“सगळ्यांची,” मी म्हणाले.

साहेबांनी ते खोडरबराचं बटण एकदा दाबून बघितलं. मग ऑफिसात गेले आणि शेरेबुकात लिहिलं, की यंत्रे चालू आहेत परंतु अतिवापराने खराब झाल्याने अन्यत्र वर्ग करण्यास योग्य नाहीत, आणि संबंधित शिक्षिकेस लेखी समज देण्यात यावी. जीप रिकामी खोकी घेऊन गेली.

लेखी समज दुपारीच मिळाली. हेडसरांनी स्वतः लिहिली होती, आणि देताना माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. मी खाली सही केली. मग नववीचा तास होता, तो घ्यायला गेले. दारात पोरांनी गर्दी केली होती, आणि सगळ्यांना एकच विचारायचं होतं, नेली का बाई. मी म्हणाले, नाही नेली, हात धुऊन या, बसा.